बावीस सीड्या आणि एक पाटी

आमच्या गल्लीत नळ दहाव्या-बाराव्या दिवशी यायचा, आणि यायचा तोही न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा. कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्यामुळे अमडापुरात आमच्या वेळी तोटी बंद करायची कोणाला सवयच नव्हती. तोटीला रबरी पाइप लावायचा, पाइपचं दुसरं तोंड हौदात सोडायचं आणि तोटी उघडीच ठेवायची, म्हणजे पाणी आलं की एक थेंब चुकायला नको. रस्त्यावर दर काही वर्षांनी मुरमाचा आणि डांबराचा थर चढत गेला आणि घरं होती तिथेच राहिली, म्हणून आमच्या घरात तीन पायऱ्या उतरून जावं लागे. अशा घरात उघड्या तोटीजवळ माणूस बसलेला लागतो. पाणी जोरात आलं की पाइप उसळतो आणि हौदातून बाहेर पडून वाट्टेल तिकडे पाणी फेकतो. त्याला धरून बसायच्या कामाला घरात 'नळाची पाळी' म्हणत. आज बुलढाण्यात माझ्या घरी गच्चीवर दोन टाक्या आहेत आणि पाण्याचा आवाज आला की मी अजूनही हातातलं काम टाकून उठतो. बायको हसते. तिला कारण माहीत नाही. मी घरात कोणालाच कधी सांगितलेलं नाही.

बाबा गावातल्या शाळेचे हेडमास्तर होते. शनिवारी भजनी मंडळात गायचे. आवाज गोड नव्हता. थोडा फाटका, पण वरच्या पट्टीत गेला की चिरत जाणारा. तंबाखूने त्यांचा घसा खाल्ला. अकोल्याला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला एक भोक राहिलं. त्यात पाणी उडायला नको म्हणून ते नळापासून लांब राहत, आणि भोकावर आई रोज पांढऱ्या मलमलीचा धुतलेला तुकडा बांधायची. घरी आल्यावर त्यांनी पहिल्या दिवशी पाटी मागवली, दगडी, लाकडी चौकटीची, पहिलीच्या पोरांची असते तशी. त्यानंतर आमच्या घरातली भांडणं बदलली. आई बोलत सुटायची, बाबा पाटीवर उत्तर लिहायला घ्यायचे, शुद्धलेखन सांभाळून, अनुस्वार देऊन. ते लिहून होईपर्यंत आई दुसऱ्याच विषयावर गेलेली असायची. प्रत्येक भांडणात बाबा एक वाक्य मागे. मग आई म्हणायची, "वाच रे सुनील, काय लिवते तुह्या बाप." आई चौथी शिकलेली, चष्मा नेहमी कुठेतरी विसरलेला. पाटी वाचून दाखवायचं काम माझं. हे काम मला फार आवडायचं, हेही लिहून ठेवतो. बापाचं बोलणं आपल्या तोंडून निघतं, याचा एक माज असतो.

बाबांच्या उशाशी देवघरातली पितळी घंटी असे. एकदा वाजवली की पाणी, दोनदा म्हणजे चहा, तीनदा म्हणजे कोणीतरी या. आई म्हणायची, "देवाले बी एवढी घंटी वाजत नाही दिवसातून."

ऑपरेशनच्या आधी भजनी मंडळातल्या एकाने टेपवर बरंच काही धरून ठेवलं होतं. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, खामगावला नोकरीला असताना एका दुकानातून त्या कॅसेटींच्या सीड्या करून आणल्या; झिजलेल्या कॅसेटी तिथेच सोडल्या. बावीस सीड्या. दुकानदाराने त्या नुसत्या एका दांडीवर रचून दिल्या होत्या. बाबांना ते बरं दिसेना. त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांचे कागद कापून प्रत्येक सीडीला पाकीट केलं, गव्हाच्या पिठाची खळ शिजवून चिकटवलं. तेवढ्याने समाधान होईना म्हणून सीडीच्या अंगावरही खळ लावून एकेक गोल कागद डकवला आणि त्यावर निळ्या शाईने लिहिलं, भजन कोणतं, पेटीवर कोण, मृदंगावर कोण. गाणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहीत नसत. तिथे नुसती एक रेघ. हा सगळा संच एका बुटांच्या खोक्यात, भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात. दुपारी ताकातल्या कण्या खाऊन झाल्या की ते एक सीडी लावायचे आणि ओठ हलवत ऐकायचे. आवाज सीडीच्या यंत्रातून यायचा आणि ओठ समोर हलायचे. कोणी नवा माणूस आला तर क्षणभर फसायचा. बाबांना ते आवडे.

वहिनीचं नाव रेखा, माहेर उंद्रीचं. तीन वर्षं झाली होती लग्नाला, मूल नव्हतं. आई ते थेट बोलत नसे. शेजारणीचं नातवंड मांडीवर घेऊन त्याच्याशी बोलायची, "आमच्या घरी कोणी नाही रे तुह्यासंगं खेळाले." वहिनी तिथेच चुलीपाशी. दादा खामगावहून शनिवारी यायचा, रविवारी जेवून निघायचा, आणि या दोन्ही जेवणांत मान खाली घालून जेवायचा. बाबांच्या गळ्याचा कपडा बदलताना आईचा हात थरथरायचा म्हणून पुढे पुढे ते कामही वहिनीच करायची. माझ्याशी ती हसून बोले. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मला 'भाऊजी' म्हणायची आणि मी उशिरा उठलो की म्हणायची, "उठले का साहेब? कोर्ट सुटलं असन आता."

त्या दिवशी आई नात्यातल्या लग्नाला गेली. जाताना मला म्हणाली, "शेजारच्या गल्लीत काल येऊन गेला नळ. आज आपल्याकडे येईन. बस तठीच, कुठी भटकू नोको."

"हाव वं आई."

वहिनी सकाळपासून गच्चीवर. उन्हाळ्याचे दिवस, कुरडयांचा घाट घातलेला. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवायचा आणि गरम आहे तोवर साच्यातून कापडावर घालायचा. थंड झाला की तो साच्यातून उतरत नाही. शेजारच्या काकू मदतीला होत्या. वर जाताना वहिनीने विचारलं, "नळापाशी हाव ना भाऊजी तुम्ही? मी चीक सोडून खाली येऊ शकत नाही."

मी म्हणालो, "हाव, तुम्ही जा."

अकराच्या सुमारास एक मित्र नवी मोटारसायकल घेऊन दारात आला. "चाल बे, चिखलीपोत चक्कर मारू."

"पाळी हाय माही, नळाची."

"आला तं हौदातच पडन ना. तुह्या तोंडात थोडाच पडते?"

मी गेलो. एवढंच. पुढच्या सगळ्याचं कारण सांगायचं तर एवढंच आहे. एखादी मुलगी, एखादं वेड, एखादी मजबुरी असती तर लिहायला बरं वाटलं असतं. चिखलीला आम्ही उसाचा रस प्यायलो, बसस्टँडसमोर गाडीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवली आणि परत आलो. निघताना मी बाबांच्या खोलीच्या दारावरून गेलो. ते खाटेवर पडले होते, डोळे मिटलेले. मला ते झोपलेले वाटले.

परत आलो तेव्हा पायऱ्यांवरूनच दिसलं. खालची पायरी नव्हती, पाणी होतं. नळ येऊन गेला होता. पाइप हौदातून निसटून बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडला होता. वहिनी साडी खोचून थाळीने पाणी उपसत होती, कोपरापर्यंत हातांना वाळलेला चीक. आणि बाबा पाण्यात गुडघ्यांवर बसले होते. बुटांचा खोका तळातून फाटला होता. धोतराचा ओचा करून त्यात ते एकेक सीडी गोळा करत होते.

"कुठी गेलते भाऊजी?" वहिनी म्हणाली. "मामंजीनं घंटी वाजवली तं मी वरून किती आवाज देल्ला तुम्हाले, पाहा म्हणून. मले वाटलं, खाली तुम्ही हाव."

मी काही बोलायच्या आत मागून आई आली. डोक्यात अजून लग्नाच्या अक्षता. "अवो माय! हे काय झालं? नळावर कोण होतं?"

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. वेळ होता. मी आईकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि कोणावर हे ढकललं तर चिकटेल, ते मला लगेच समजलं. "मी वहिनीले सांगून गेलतो," मी म्हणालो. "म्हटलं, अर्धा तास पाहा."

वहिनीच्या हातातली थाळी थांबली. "नाही आत्याबाई. मले नाही सांगतलं ह्याहीनं."

"म्हणजे माह्या पोरगा लबाड? अन् तूच एक खरी?"

तेवढ्यात बाबांनी पाटीवर पेन्सिल आपटली. पाटी खुंटीला होती म्हणून कोरडी राहिली होती. त्यांनी ओचा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने लिहिलं. घाईत, पहिल्यांदाच वेडंवाकडं. 'पाळी सुनीलची. तिला सांगितलेलं नाही. मी जागा होतो.' आणि पाटी पुढे केली.

आईचा चष्मा पिशवीत. ती म्हणाली, "काय लिवलं रे? वाच."

मी पाटी हातात घेतली. शर्टाची बाही घामाने ओली होती. त्या बाहीने मी पाटी पुसली आणि म्हणालो, "सीड्या पहिले वाळवा म्हणतात."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. शाळेत कॉपी करणारं पोरगं सापडलं की ते त्याला छडी मारत नसत, त्याच्या बापाला बोलावून घेत, आणि त्या बापाकडे पाहायला त्यांनाच लाज वाटे. तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मग त्यांनी मान फिरवली.

खरी नासाडी त्यानंतर झाली, आणि तीही माझ्या हाताने. नळाचं स्वच्छ पाणी होतं, तासाभराचं. आज मी याविषयी पुष्कळ वाचलं आहे. सीडीला पाणी मारत नाही. तिच्या वरच्या अंगाला, आपण नाव लिहितो त्या बाजूला, चांदीसारखा एक पातळ पापुद्रा असतो. गाणं त्याला धरून असतं. आम्हाला वाटायचं, चकाकती बाजू जपायची, कागदाच्या बाजूचं काय. आईने अंगणात खाट टाकली, तिच्यावर जुनं लुगडं अंथरलं आणि सीड्या पापडासारख्या उन्हात मांडल्या. चकाकी वर आणि कागद खाली. पाकिटं, गोल कागद, खळ सगळं भिजून एक झालेलं. वैशाखाच्या उन्हाने ते तासाभरात आवळून टाकलं. कागद सीडीला आणि सीडी लुगड्याला.

संध्याकाळी मी सोडवायला बसलो. पहिलीच ओढली, चर्र आवाज झाला. कागद निघाला आणि कागदाबरोबर चांदी निघाली. माझ्या हातात काचेसारखी आरपार चकती राहिली, तिच्यातून अंगणातली तुळस दिसत होती.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "ओढू नका भाऊजी," ती हळूच म्हणाली. "कुरडई कापडाले चिकटली तं आपण ओढतो काय? कापड उलटं करून पाणी मारतो. भिजू द्या, आपोआप सुटते."

आई कडाडली, "तू हात नोको लाऊ! एकदा बुडवलं तेवढं लय झालं."

वहिनीचं बरोबर होतं. ऐकताक्षणी मला समजलं होतं. लहानपणापासून मी दर उन्हाळ्यात तेच पाहिलं होतं. उलट्या कापडावर पाण्याचा शिपका, आणि कुरडई फुलासारखी उचलून येते. पण दुपारी जिला खोटं पाडलं, तिचं संध्याकाळी खरं कसं मानायचं? तिला 'या, तुम्ही सोडवा' म्हणालो असतो तर सगळंच उसवलं असतं. मी दुसरी ओढली. तिसरी. बाबा पायरीवर बसून पाहत होते, मांडीवर पाटी. मी एकोणीस सीड्या ओढल्या. प्रत्येकीचा आवाज मला वेगळा आठवतो असं म्हटलं तर खोटं होईल. सगळ्यांचा एकच होता.

तीन राहिल्या होत्या, त्या लुगड्यात पार गुंडाळल्या गेल्या म्हणून मी नाद सोडून दिला. वहिनीने लुगड्याचा तेवढा तुकडा फाडला, पातेल्यात पिण्याचं पाणी घेतलं आणि रात्रभर भिजत ठेवलं. "प्याचं पाणी नासवलं," म्हणून आईने सकाळी तेही बोलून घेतलं. पण तिन्ही सुटल्या. कागदाचा लगदा बोटाने वाहून गेला आणि चांदी जागेवर राहिली. वहिनीने त्या ताटलीत उभ्या करून सावलीत वाळवल्या आणि माझ्या हातात दिल्या. बाबांकडे द्यायला स्वतः गेली नाही.

मी एकेक लावून पाहिली. एकोणीस वेळा यंत्राच्या काचेवर 'नो डिस्क' आलं. बाबा प्रत्येक वेळी मान हलवायचे, हजेरी घेताना गैरहजर पोराच्या नावावर हलवायचे तशी. राहिलेल्या तीन वाजल्या. पहिल्या दोन्हींत दुसराच बुवा गात होता, बाबा नुसते टाळ वाजवत होते. तिसरीत शेवटी एका चरणापुरता त्यांचा आवाज आला. एक चरण, मग सगळ्यांचा गलका, मग कोणीतरी खोकलं, संपलं. बाबांनी ओठ हलवले नाहीत. यंत्र बंद केलं आणि वायर गुंडाळून ठेवली. त्यानंतर त्यांनी सीडी लावायला कधी सांगितलं नाही. माझ्यासाठी पाटीवर त्यांनी पुढे जे लिहिलं ते एका शब्दाचं असे. 'पाणी.' 'दार.' 'पुरे.'

दादा शनिवारी आला, आईने त्याला सगळं सांगितलं, रविवारी तो वहिनीला उंद्रीला सोडून आला. "थोडे दिवस राहू दे तिले माहेरी," आई म्हणाली. मी बसथांब्यापर्यंत तिची पिशवी उचलायला गेलो. तिने पिशवी दिली नाही. थोड्या दिवसांचे महिने झाले. तिचे वडील दोनदा येऊन गेले, दोन्हीदा आईने चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. बाबा त्याच थंडीत गेले. मयतीला ती आली, बायकांत मागे बसली, परत गेली. पुढे सोडचिठ्ठी झाली, दादाचं दुसरं लग्न झालं. त्या लग्नात मी वाढपी होतो.

तिने घातलेल्या कुरडया वर्षभर पुरल्या. दिवाळीत तळल्या, पाडव्याला तळल्या. पांढऱ्याशुभ्र फुलायच्या. मी खाल्ल्या. आरपार झालेल्या सीड्यांतल्या ज्यांवर थोडी चांदी शिल्लक होती, त्या आईने दोऱ्यात ओवून शेतात ज्वारीवर टांगल्या, पाखरं हाकलायला. त्या वर्षी पाखरं कमी आली असं आई म्हणायची.

मी हे आता का लिहितो आहे? आई गेल्या वर्षी गेली. तिच्या पेटीत त्या तीन सीड्या निघाल्या, लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या. मी त्या घेतल्या आणि उंद्रीला गेलो. वहिनी, आता तिला काय म्हणायचं ते मला कळत नव्हतं, अंगणवाडीत काम करते. केस पांढरे झालेत. पोरं घरी गेली होती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं एका दमात बोललो. पाळी माझी होती, मी सांगून गेलो नव्हतो, बाबांनी लिहिलं होतं आणि मी ते पुसलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी मांगंच तं होती उभी. पाटी वाचली होती म्या."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"बोलली ना. एकदा बोलली. आत्याबाईनं काय म्हटलं ते तुम्ही आयकलं." तिने पदराने खुर्चीवरचा खडूचा डाग पुसला. "अन् मले वाटलं, मामंजी पुन्हा लिहतीन. तुम्ही पाटी एकदाच पुसली, भाऊजी. पेन्शिल तं त्याहीच्याच हातात होती. रविवारपोत मी तठीच होती. रोज चहा देतानी पाटीकडे पाह्यत जाये. रोज कोरी."

मी बाबांचं बोलणं पुसलं, हे ओझं इतकी वर्षं माझं एकट्याचं होतं, आणि खरं सांगतो, त्या ओझ्यात मला बाबा तरी शाबूत सापडायचे. आता तेही राहिले नाहीत. पोराला वाचवायला त्यांनी सुनेला जाऊ दिलं. ज्यांनी आयुष्यभर अनुस्वार चुकू दिला नाही, त्यांनी.

मी सीड्यांची चिंधी पुढे केली. "ह्या तुम्ही वाचवल्या होत्या."

"माह्यापाशी यंत्र नाही," ती म्हणाली. "आता कोणापाशीच नाही." चिंधी तिने हातात घेतली नाही.

तेवढ्यात बाहेर गल्लीत गलका झाला, नळ आला, नळ आला. अंगणवाडीच्या मागे हौद होता आणि पाइप धडपडायला लागल्याचा आवाज मला बसल्या जागी ऐकू आला. मी सवयीने उठलो, दारापर्यंत गेलोही.

"बसा तुम्ही," ती पदर खोचत म्हणाली. "आज पाळी माही हाय."

ती गेली आणि पाइप धरून बसली. हौद भरेपर्यंत बसली. मी चिंधी मांडीवर ठेवून पाण्याचा आवाज ऐकत राहिलो.